धाब्यावरचा पाला : जळगावातल्या एका सामाईक गच्चीच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी : आधी हिशेब

जागा : जळगाव शहर, तीन मजली इमारत, सामाईक गच्ची (इकडच्या बोलीत धाबं) ५६ चौरस मीटर (सुमारे ६०० चौरस फूट). तिच्यावर पिशव्यांत भाजी लावायची आहे. कुटुंबं आठ, घरटी चार माणसं धरली.

या गच्चीवर धान्य पिकणार नाही, कडधान्यही नाही. ते काम रेशनचं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो धान्य दिलं, पण त्यात भाजी नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत, त्यातल्या १०० ग्रॅम पालेभाजी. चार माणसांच्या घराला महिन्याला ४८ किलो भाजी, त्यात १२ किलो पाला. अठ्ठेचाळीस किलो या गच्चीतून निघणं अशक्य आहे, म्हणून पूर्ण लक्ष पाल्यावर ठेवायचं. पाला लवकर येतो, पुन्हा पुन्हा कापता येतो, बाजारातून घरी येईपर्यंत सगळ्यात जास्त सुकतो, आणि भाव चढले की घरात सगळ्यात आधी तोच कमी होतो.

दुसरा प्रश्न महिन्यांचा. खान्देशात डिसेंबर-जानेवारीत मेथी, पालक, वांगी, कांदापात यांची बाजारात रेलचेल असते. तेव्हा गच्चीवर मेथी लावणं सोपं जातं आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात, पण त्या महिन्यांत ताटात तशीही भाजी असते. अडचण सुरू होते मे अखेरीस आणि टिकते भाद्रपदापर्यंत. उन्हाने आणि मग पावसाने शेतातला पाला जातो, भाव चढतात. १९९६ च्या रोम परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या केली, तिच्यात अन्न ‘सर्वकाळ’ मिळण्याची अट आहे. गच्ची उपयोगी पडते ती या अटीपाशी. म्हणून या प्रकल्पाचं वर्ष जूनपासून उलटं मोजायचं : जून ते सप्टेंबर तोडणी, त्यासाठी मेमध्ये रोपं, त्यासाठी मार्चपर्यंत सावली आणि पाणी तयार.

एका पिशवीचं माप २४ × १२ × ९ इंच. वरचा एक इंच मोकळा सोडला तर ३८ लिटर माध्यम (माती-खताचं मिश्रण) बसतं. अशा एका पिशवीतून तांदुळजाची एक कापणी साधारण २०० ग्रॅम धरली. कापण्यांत बारा दिवसांचं अंतर, म्हणजे महिन्याला अर्धा किलो. घराचा सगळा १२ किलो पाला हवा तर २४ पिशव्या लागतील. गच्चीचा एक तृतीयांशच भाग झाकायचा हे ठरलेलं असल्याने एकूण ९६ पिशव्या मावतात, घरटी १२. म्हणजे सगळ्यांत पाला लावला तरी निम्मी गरज भागेल. हा आकडा आठही घरांना सुरुवातीलाच सांगावा. ‘भाजी विकत घ्यावीच लागणार नाही’ असं सांगून सुरू केलेल्या बागा दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडतात.

१५ जानेवारी : स्लॅबची तपासणी

आयएस ८७५ (भाग २, १९८७) या भारतीय मानकाप्रमाणे माणसं जाऊ शकतील अशा सपाट छतासाठी धरलेला चल भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो. माणसं, पाण्याची टाकी, वाळत घातलेली पापडांची खाट, सगळं त्यातच आलं.

आपलं गणित : ओल्या माध्यमाचं एक लिटर म्हणजे एक किलो. प्रत्यक्षात थोडं कमी भरतं, पण वजन धरताना जास्तच धरावं. पिशवी ३८ किलो. ९६ पिशव्या ३,६४८ किलो. ५६ चौरस मीटरवर सरासरी ६५ किलो. हे चालतं. पण पिशवीच्या तळाखालचा भार चौरस मीटरला २०० किलोंच्या वर जातो, म्हणून पिशव्या खोलीच्या मधोमध एकत्र ठेवायच्या नाहीत. भिंतींच्या आणि बीमच्या रेषेवर एकेरी ओळ, मध्ये दोन फुटांची वाट.

हाच हिशेब नुसत्या काळ्या मातीचा केला तर ओली पिशवी ६८ किलोंच्या पुढे जाते आणि एकूण वजन साडेसहा टन होतं.

गळती तपासणी : पन्हाळीची तोंडं कापडाने बंद करून गच्चीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी ४८ तास ठेवलं. खालच्या छताला कुठे ओल दिसते ते खडूने खुणावून ठेवलं. ओल दिसेल तिथे आधी दुरुस्ती, मग पिशव्या. पिशव्या विटांवर, स्लॅबपासून किमान पाच सेंटिमीटर उंच. खालून वारा जात राहिला की स्लॅब कोरडा राहतो आणि मुळंही कमी तापतात. पन्हाळीभोवती एक मीटर पूर्ण मोकळं.

जुन्या धाब्याच्या घरांविषयी स्पष्ट लिहून ठेवतो, कारण गावठाणातून विचारणा येते. लाकडी सऱ्यांवर माती घातलेल्या धाब्यावर एकही कुंडी ठेवू नये. मातीच्या थराचं वजन तिथे आधीच असतं, आणि रोजच्या पाण्याने सरा आतून कुजतो. तो वरून दिसत नाही. पत्र्याच्या घरांसाठीही छत बाद. त्यांच्यासाठी गोणीची पद्धत आहे, ती पुढे ऑगस्टच्या नोंदीत आहे.

२ फेब्रुवारी : माध्यम

एकूण लागणारं माध्यम ३,६४८ लिटर. प्रमाण आकारमानाने :

कंपोस्ट किंवा गांडूळखत ४० टक्के (सुमारे १,४६० लिटर)
कोकोपीट ३० टक्के (सुमारे १,१०० लिटर, पाच किलोची वीट भिजून साधारण ७० लिटर होते, म्हणजे १६ विटा)
पोयट्याची माती २० टक्के (७३० लिटर)
भुईमुगाच्या शेंगांची टरफलं १० टक्के (३६५ लिटर)
शिवाय दर पिशवीला ५० ग्रॅम निंबोळी पेंड.

काळी माती का नको, हे शेती केलेल्या माणसालाही सांगावं लागतं. शेतात तिला खोली असते, भेगा पडतात, हवा खेळते. पिशवीत ती ओली झाली की फुगते आणि निचरा बंद होतो. सुकली की आकसून कडेने सुटते, मग वरून घातलेलं पाणी कडेच्या फटीतून थेट खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. तापी-गिरणा काठचा पोयटा मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर काळी माती १० टक्क्यांवर आणावी आणि टरफलं वाढवावीत.

कोकोपीट भिजवून दोनदा पिळून धुवायचं. न धुतलेल्यात सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात, आणि इथलं बोअरचं पाणी आधीच जड. दोन्ही मिळून रोपांच्या पानांच्या कडा करपतात. मग तो रोग समजून फवारण्या होतात आणि पैसा वाया जातो.

टरफलं कच्ची घालू नयेत. महिनाभर ओली करून, थोड्या शेणखतात मुरवून घ्यावीत. नाहीतर कुजताना तीच नत्र खातात आणि पालेभाजी पिवळी पडते.

शहरातल्या कचरा डेपोचं खत घेतलेलं नाही. त्यात बॅटऱ्या, रंग, काच काय आलं असेल ते कळत नाही, आणि पालेभाजी जड धातू पानांत साठवते. तपासणीचा अहवाल असेल तरच विचार करावा.

१६ फेब्रुवारी : वाळवण

मेथी सध्या भरपूर आणि स्वस्त आहे. हाच पाला जुलैसाठी ठेवायचा. खान्देशात गवार-मेथी वाळवून पावसाळ्यासाठी राखायची रीत जुनीच आहे. ती या प्रकल्पाचा अर्धा भाग आहे असं आम्ही मानतो, कारण कोरडी हवा आणि ऊन इथे फुकट मिळतं.

पाला निवडून धुवायचा, उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात काढायचा, निथळून जाळीवर पातळ पसरायचा. सावलीत, वारा येईल तिथे. थेट उन्हात वाळवला तर रंग उडतो आणि अ जीवनसत्त्वाचा अंश (कॅरोटीन) जास्त जातो. क जीवनसत्त्व कसंही केलं तरी बरंच जातं. लोह आणि चुना राहतात. म्हणून वाळवलेल्या भाजीवर लिंबू पिळायचं. क जीवनसत्त्व परत येतं आणि लोह अंगी लागायला मदत होते.

निवडलेल्या १० किलो मेथीचं वाळून साधारण दीड किलो होतं. पान चुरडल्यावर कुरकुरीत मोडलं पाहिजे. नुसतं वाकत असेल तर ओल राहिली आहे, आणि पहिल्या पावसाच्या दमट हवेत डब्यात बुरशी धरणार. हवाबंद डबे, वर महिना लिहिलेला.

४ मार्च : ठिबक

ठिबकचं सामान जळगावात मिळायला अडचण नाही, अडचण दाबाची असते. ५०० लिटरची टाकी दीड मीटर उंच स्टँडवर ठेवली की मिळणारा दाब फक्त ०.१५ बार. शेतातले दाब-नियंत्रित ड्रिपर एवढ्यावर उघडतच नाहीत. काही थेंब टाकतात, काही कोरडे राहतात. साधे ड्रिपर घ्यावेत. ४ लिटर प्रतितास हा त्यांचा आकडा एक बारचा आहे. या दाबावर ते तासाला दीड लिटरच देतात. म्हणून दर पिशवीला दोन ड्रिपर, एकत्र तासाला तीन लिटर.

तीन विभाग, प्रत्येकी ३२ पिशव्या, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह. १६ मिमी लॅटरल (ड्रिपर बसवायची नळी), टाकीच्या तोंडाशी १२० मेशची जाळी-गाळणी. ओळीच्या टोकाला एंड कॅप, पंधरवड्यातून एकदा उघडून पाणी जोरात सोडायचं. जड पाण्याचा चुना ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. असे ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले की मोकळे होतात.

टाकी भरली की पाचशे किलो. ती जिन्याच्या कोपऱ्यावर, खाली कॉलम आहे तिथेच.

भर उन्हात ठिबक सुरू करायचं नाही. काळ्या नळीत उभं असलेलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापलेलं असतं आणि पहिली दोन मिनिटं तेच मुळांवर पडतं. पहाटे सहा आणि संध्याकाळी सात या वेळा पक्क्या.

आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी : मूळ पाण्यापेक्षा त्यात क्षार बरेच जास्त. निम्मं नळाचं पाणी मिसळून, तेही पावसाळ्याच्या आधीचे दोन महिने सोडून. भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बिनधास्त चालतं. साबणाचं पाणी पालेभाजीला अजिबात नाही.

२३ मार्च : सावली

पन्नास टक्के सावलीची शेडनेट, सात फूट उंचीवर. चार फुटांवर बांधलेली जाळी स्वस्त पडते, पण खाली गरम हवा कोंडते आणि झाडं उन्हाऐवजी उकाड्याने जातात. पश्चिमेकडून जाळी खाली गुडघ्यापर्यंत सोडली, कारण दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन पिशवीच्या बाजूवर पडतं. पूर्व बाजू उघडी, सकाळचं ऊन हवंच आहे.

पिशव्यांच्या बाहेरून गोणपाट गुंडाळलं, वरून चुन्याचा हात. माध्यमाचं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं की बारीक मुळं मरतात. झाड पाणी असूनही कोमेजतं, माणूस अजून पाणी घालतो आणि मग उरलेली मुळं कुजतात. उन्हाळ्यात कुंड्यांतली झाडं बहुतेक अशीच जातात.

पिशवीत वर दोन इंच आच्छादन : रावेर-यावलकडून येणारी केळीची वाळलेली पानं. फुकट मिळतात, हलकी असतात. बारीक तुकडे करून घालावीत, नाहीतर वाऱ्याने उडतात.

७ एप्रिल : उन्हाळी पेरणी, फक्त एका विभागात

मेमध्ये एका पिशवीला दिवसाला तीन लिटर पाणी लागतं. ९६ पिशव्यांना २८८ लिटर. नळ जिथे रोज येत नाही त्या शहरात उन्हाळ्यात एवढं पाणी बागेला घालणं योग्य नाही आणि घरंही ते मान्य करणार नाहीत. म्हणून जूनपर्यंत एकच विभाग जिवंत : ३२ पिशव्या, दिवसाला ९६ लिटर. टाकी पाच दिवस पुरते. बाकीच्या ६४ पिशव्या माध्यम ओलवून, वर केळीची पानं टाकून झाकून ठेवल्या आहेत. त्यांचं माध्यम तेवढ्यात मुरतं.

पेरलेलं :

तांदुळजा १० पिशव्या. बी फार बारीक, पिशवीला चिमूटभर (अर्धा ग्रॅम), चौपट कोरड्या वाळूत मिसळून. वर नखाएवढीच माती, खोल गेलं की उगवत नाही. उगवेपर्यंत ओलं गोणपाट झाकून, अंकुर दिसताच काढायचं. एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबट होतात.
अंबाडी ६ पिशव्या, पिशवीला २० ते २५ बिया.
घोळ ४, मायाळू (पोई) ४, चवळी ४, भेंडी ४. भेंडीचं बी रात्रभर भिजवून. जात अर्का अनामिका, कारण पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या पिवळ्या केवडा रोगाला ती बऱ्यापैकी दाद देत नाही.

मेथी, पालक, कोथिंबीर नाही. या उन्हात त्यांची उगवण अर्ध्यावर येते आणि जे उगवतं ते लगेच फुलावर जातं. टोमॅटोही नाही. दिवसा ३५ आणि रात्री २५ अंशांच्या वर पराग निकामी होतात. झाड हिरवंगार राहतं, फुलं गळतात, फळ धरत नाही. तांदुळजा याउलट उन्हात वाढतो. त्याची अन्न तयार करण्याची पद्धत ज्वारी-मक्यासारखी आहे, कडक उन्हात आणि कमी पाण्यात ती चांगली चालते.

२८ एप्रिल

तांदुळजाची पहिली तोडणी झाली. आधी दाट जागची रोपं मुळासकट उपटून विरळणी केली, त्यांचीच भाजी. उरलेली जमिनीपासून चार बोटं ठेवून कापली. याहून खाली कापलं तर खालचे डोळे जातात आणि दुसरा फुटवा येत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकीबाळींमुळे घरांत माणसं जास्त आहेत, पाला सगळ्यांना थोडा थोडा.

१२ मे : पारा ४४ च्या आसपास

दुपारी दोनला पानं माना टाकतात. ते पाहून पाणी घालू नये. संध्याकाळी सातला पानं पुन्हा उभी राहिली तर पाणी पुरेसं आहे. पहाटेही मान खाली असेल तर मात्र पाणी कमी आहे किंवा मुळं गेली आहेत. बोट दोन पेरं आत घालून पाहावं : कोरडं लागलं तर पाणी, चिखल लागला तर मुळं.

भेंडी-चवळीच्या पानांखाली लाल कोळी ही कीड. पान वरून बारीक पांढुरक्या ठिपक्यांनी भरतं, खाली जाळं दिसतं. कोरड्या उष्ण हवेत तो वाढतो. पहाटे पानांच्या खालच्या बाजूवर साध्या पाण्याचा जोरदार फवारा, तीन दिवस ओळीने. बहुतेक वेळा एवढ्याने आटोक्यात येतो.

गांडूळखताची टाकी जिन्याखाली हलवली. ३५ अंशांच्या वर गांडुळं मरतात किंवा पळतात. कंपोस्टचा ड्रम उन्हाळ्यात सुकून थांबतो. मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब यावेत इतकी ओल लागते.

२० मे : जूनची रोपं

सगळ्यात महत्त्वाचा आठवडा हा. पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत थांबून मग बी पेरलं तर पहिली भाजी जुलैच्या मध्यावर येते. ट्रेमध्ये १५-१८ दिवसांची रोपं तयार असली तर दोन आठवडे वाचतात, आणि भाव चढलेले असतात ते नेमके हेच आठवडे.

९८ कप्प्यांचे पाच ट्रे तांदुळजाचे, दर कप्प्यात चार-पाच बिया, विरळणी न करता तो झुबका तसाच लावायचा. एका पिशवीत १५ झुबके, म्हणजे पाच ट्रेमध्ये ३० पिशव्या भागतात आणि थोडे झुबके नांग्या (मेलेल्या रोपांच्या जागा) भरायला उरतात. मिरचीची रोपं एप्रिलमध्येच टाकलेली आहेत, त्यांना ३५-४० दिवस लागतात. मायाळूचे वीतभर फाटे थेट ओल्या कोकोपीटमध्ये, आठ-दहा दिवसांत मुळं धरतात.

ट्रे जाळीच्या खाली आणखी एका जुन्या सुती साडीच्या सावलीत. कप्प्यात माध्यम जेमतेम मूठभर, ते दोन तासांत सुकतं, म्हणून दिवसातून तीनदा झारीने. दुपारी बाराला टाकीचं नाही, माठातलं पाणी.

९ जून : वादळ

पावसाआधीचं वादळ दरवर्षी रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करतं, शहरातल्या गच्चीवर जाळी फाडतं. जाळी घट्ट ताणून बांधली तर ती शिडासारखी वारा धरते आणि बांबूच उपटते. म्हणून एक बाजू सरकत्या गाठीची. आभाळ भरलं की ती सोडून जाळी गुंडाळून ठेवायची. खांबांच्या पायाशी पाणी भरलेले २० लिटरचे कॅन.

गच्चीवरचं पाणी : जळगावात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस. ५६ चौरस मीटरवर पडलेल्यातला ८० टक्के धरला तर सुमारे ३१ हजार लिटर. सगळं साठवता येत नाही. निम्म्या गच्चीचं पाणी गाळून टाकीत, बाकी बोअरच्या शोषखड्ड्यात. पहिल्या दोन सरी वाहून जाऊ द्यायच्या, त्यात वर्षभराची धूळ असते.

२२ जून : पूर्ण लावणी

शेडनेट काढली. पावसाळ्यात उजेड आधीच कमी, जाळी राहिली तर पाला पिवळट आणि लांबट येतो. सर्व ९६ पिशव्या आता कामात :

तांदुळजा आणि पोकळा ४०, अंबाडी १६, मायाळू १६, भेंडी १२ (पिशवीला दोनच झाडं), गवार ८ (पुसा नवबहार, एकखोडी, पिशवीला चार), मिरची ४. घोळ आणि चवळी संपली, त्या पिशव्या यांतच आल्या.

पाल्याच्या पिशव्या ७२, घरटी नऊ. म्हणजे घराला महिन्याला साडेचार किलो पाला, माणशी दिवसाला ३७ ग्रॅम. शिफारशीच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त. शिवाय भेंडी-गवार, आणि डब्यातली वाळवलेली मेथी.

दर कापणीनंतर पिशवीला ओंजळभर गांडूळखत. पंधरवड्याला पेंडीचं पाणी : एक किलो भुईमूग पेंड दहा लिटर पाण्यात चार दिवस भिजवून, गाळून, दसपट पाण्यात. मुळाशी द्यायचं, पानावर नाही. पावसात नत्र धुऊन जातं, म्हणून एकदम जास्त देण्यापेक्षा थोडं थोडं. ताज्या शेणाचं कोणतंही द्रावण कापणीच्या पाल्यावर वापरत नाही, जंतूंचा धोका आहे.

१९ जुलै : पावसाळी दुखणी

दाट उगवलेली रोपं मानेशी बारीक होऊन लोळतात. पाणी साचणं आणि दाटी, दोन्ही कारणं. तळाची भोकं सळईने मोकळी केली, पिशव्या दोन बोटं एकमेकींपासून दूर. मेलेल्या जागी लगेच तेच बी पेरू नये. वरचा दोन इंच थर काढून उन्हात टाकावा, जागी नवीन कंपोस्ट.

अंबाडी जोरात आहे. शेंडा खुडत राहावा, नाहीतर उंच जाऊन पानं जून होतात.

डास : पिशव्यांखाली ताटल्या नाहीतच. टाकीवर बारीक जाळी, सुतळीने घट्ट बांधलेली. आठवड्यातला एक कोरडा दिवस. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण तयार होतो, म्हणून अंतर आठवड्याहून जास्त नको. बागेमुळे इमारतीत डेंग्यू आला असं एकदा झालं तर बाग राहणार नाही.

निंबोळ्या खाली पडतायत. गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवायच्या. सप्टेंबरात लागतील.

१० ऑगस्ट : वाटणी, आणि पत्र्याच्या घरांसाठी गोणी

वजन वहीत ग्रॅममध्ये, घरनिहाय. लहान मूल किंवा गरोदर बाई असलेल्या घराला आधी, हे आठही घरांनी ठरवलेलं. कापणी सकाळी, त्याच दिवशी शिजवायची.

शेजारच्या पत्र्याच्या वस्तीतून विचारणा आहे. त्यांच्यासाठी गोणीबाग. कृती : खताची नव्हे, धान्याची ५० किलोची स्वच्छ गोणी. तळाशी माध्यम वीतभर. मध्ये दोन्ही तोंडं कापलेला डबा उभा ठेवून त्यात खडे, डब्याभोवती माध्यम. डबा वर ओढायचा, पुन्हा खडे, पुन्हा माध्यम. शेवटी मध्ये खड्यांचा उभा खांब तयार होतो, पाणी त्यातून खालपर्यंत जातं. खांब नसेल तर वरचा अर्धा भाग चिखल आणि खालचा कोरडा. बाजूंना १५ सेंटिमीटरवर एकाआड एक चिरा, प्रत्येकीत एक रोप. ३० ते ४० रोपं बसतात, माथ्यावर मिरची किंवा वांगं. जागा दीड फूट, पण पाच तास ऊन हवं. पांढरी गोणी उन्हाने एका उन्हाळ्यात जीर्ण होते, म्हणून बाहेरून तरटाचा वेढा. नाल्याचं पाणी कधीच नाही.

शहरी शेतीची चर्चा निघाली की क्यूबातल्या हवानाचं नाव येतं. १९९१ नंतर तेल आणि खत मिळेनासं झालं तेव्हा तिथल्या लोकांनी शहरात भाजी पिकवली, हे खरं. पण ती मुख्यतः मोकळ्या जमिनीवर, वाफ्यांत. आपल्याकडे शाळा, अंगणवाड्या, पाण्याच्या टाक्यांच्या आवारात अशी जमीन पडून आहे. तिथे भार, दाब, तापलेला स्लॅब यांतलं काहीच आड येत नाही. आठ गच्च्यांची मेहनत एका आवारात घातली तर जास्त माणसांना पाला मिळेल असं आमचं मत आहे.

७ सप्टेंबर : किडी

भरताच्या वांग्याची आठ रोपं दोन महिन्यांपासून ५० लिटरच्या ड्रममध्ये आहेत, हिरवं मोठं जळगावी वांगं. शेंडे सुकून वाकलेले दिसले की आत शेंडे पोखरणारी अळी आहेच. शेंडा दोन इंच खालून कापून बंद पिशवीत, कचऱ्यात किंवा कंपोस्टात नाही. हे आठवड्याला केलं तर फळांपर्यंत अळी कमी जाते.

निंबोळी अर्क ५ टक्के : एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायचा, एक ग्रॅम साबणचुरा, संध्याकाळी फवारायचा. उन्हात त्याचा गुण लवकर जातो. त्याच दिवशी संपवायचा. पाल्यावर फवारला तर तीन दिवसांनी धुऊन खायचा.

पांढऱ्या माशीसाठी पिवळे पुठ्ठे, एरंडेल लावलेले, पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर. आजूबाजूला कपाशी असल्याने माशी शहरातही येते.

५ ऑक्टोबर : फेरबदल

तांदुळजा थंडीत मंदावतो. चाळीसपैकी पंचवीस पिशव्या मोकळ्या केल्या. पाच झाडं बियाण्यासाठी राखली : शेवटी फुलावर येणारी, कारण लवकर फुलणाऱ्याचं बी धरलं तर पुढच्या पिढीत पाला कमी मिळतो.

मोकळ्या पिशव्यांतलं माध्यम एक-दोन इंचांनी खाली बसलं आहे, तेवढंच कंपोस्ट वरून. ज्यांत पांढरी खारी साय दिसते त्यांतून पिशवीला चाळीस लिटर पाणी हळूहळू सोडून क्षार धुऊन काढायचे. पावसाचं साठलेलं पाणी यासाठीच राखलं आहे.

पुढची पेरणी : मेथी, पिशवीला ३ ते ४ ग्रॅम, फक्त दहा पिशव्यांत, घरच्या रोजच्या वापरासाठी. दहा पिशव्यांत पालक आणि कांदापात, भरताबरोबर ती लागतेच. पाच पिशव्यांत चवळी, मुळांच्या गाठींसाठी, फुलावर येताच कापून त्याच पिशवीत गाडायची. बाजारात मेथी स्वस्त झाली की फेब्रुवारीच्या वाळवणासाठी लागणारी ४० किलो तिथूनच घ्यायची, घरटी पाच किलो. जाळ्या आणि डबे नोव्हेंबरात तपासायचे, पश्चिमेकडची शेडनेट दोन ठिकाणी फाटली आहे, तिला पट्टी मारायची.